अमेरिकेच्या फेडरल कोर्टात अपील कधी करता येतं आणि कधी नुसतं थांबावं लागतं

आपल्याकडे कोर्टाचा थोडाफार अनुभव घेतलेल्या माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या असतात, एक म्हणजे कुठलीही ऑर्डर विरोधात गेली की लगेच वर जायचं, आणि दुसरी म्हणजे मुदत उलटली तरी फार बिघडत नाही, डिले कंडोन करून घेता येतो, आजारपणाचं सर्टिफिकेट लावलं की काम होतं. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात या दोन्ही समजुती घेऊन गेलात तर चांगली केससुद्धा हातची जाईल. तिथलं गणित बरोब्बर उलटं आहे, आधी वर्ष दोन वर्षं तुम्हाला अपील करूच देत नाहीत आणि करता यायला लागलं की मोजके दिवस मिळतात, ते गेले की गेले.

हे लिहायचं कारण म्हणजे न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया इकडे आपले इतके लोक आहेत आणि एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) नाकारला म्हणून सरकारवर केस, नोकरीतल्या भेदभावाची केस, अशा भानगडी फेडरल कोर्टात जातात, आणि मग पुण्यात बसलेले काका मामा फोनवर सल्ला देतात की अरे हायकोर्टात जा ना सरळ. आधी एक खुलासा, घटस्फोट, भाडेकरू, बरेचसे अपघात हे सगळं स्टेट कोर्टात चालतं आणि प्रत्येक स्टेटचे अपिलाचे नियम वेगळे, ते इथे नाहीत. इथे फक्त फेडरल. आणि ही माहिती आहे, तुमच्या केसचा सल्ला नाही, तारीख जवळ आली असेल तर वाचन बंद करा आणि वकिलाला फोन लावा.

रचना पटकन सांगतो. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, तिथे केस चालते. त्यांच्या वर १३ कोर्ट ऑफ अपील्स, त्यांनाच सर्किट म्हणतात. न्यू जर्सी थर्ड सर्किटमध्ये, टेक्सास फिफ्थमध्ये, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन स्टेट नाइन्थमध्ये, शिकागोवाले सेव्हन्थमध्ये. सगळ्यात वर सुप्रीम कोर्ट, पण तिथे आपण फक्त विनंती करतो, घ्यायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर. म्हणजे हक्काचं अपील बहुतेकांना एकच मिळतं, डिस्ट्रिक्टमधून सर्किटला.

पहिला प्रश्न: निकाल फायनल आहे का

अमेरिकेच्या कायद्यातल्या टायटल २८ चं कलम १२९१ म्हणतं की सर्किट कोर्टाला डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या फायनल निर्णयावरचं अपील ऐकता येतं. फायनल म्हणजे काय ते सुप्रीम कोर्टाने १९४५ च्या कॅटलिन केसमध्ये सांगून ठेवलंय, केसचा मुद्द्यांवर शेवट झाला पाहिजे आणि कोर्टाकडे निकालाची अंमलबजावणी सोडून काही काम उरलं नाही पाहिजे. बस. जज तुमच्या विरोधात कितीही चिडून बोलला, महत्त्वाचा पुरावा बाहेर काढला, तारीख वाढवून दिली नाही, तुम्ही प्रतिवादी असाल तर केस डिसमिस करायचा तुमचा अर्ज फेटाळला, समरी जजमेंट (ट्रायलशिवायच निकाल) दिलं नाही, डिस्कव्हरीत (ट्रायलआधी एकमेकांना पुरावे द्यायच्या टप्प्यात) तुमचे सगळे ईमेल द्यायला लावले, यातल्या कशावरही साधारणपणे लगेच अपील नाही.

आपल्या सिव्हिल प्रोसिजर कोडमध्ये ऑर्डर ४३ ची यादी आहे, त्यात नसलं तर राज्यघटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्टाचं दार वाजवता येतं, त्याच्या वर कलम १३६ आहेच, त्यामुळे मधल्या ऑर्डरींवरच चार चार वर्षं मुंबई ते दिल्ली वाऱ्या होतात आणि मूळ दावा ठाण्याच्या कोर्टात जागच्या जागी पडून राहतो. अमेरिकन लोकांना नेमकं हेच नको होतं. तुकड्या-तुकड्याने अपील नको, सगळं संपू दे मग एकदाच या, असा तो विचार आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो बराचसा पटतो, फक्त ज्याची केस अडकलीय त्याला त्या वेळी तो पटत नाही हेही तितकंच खरं.

दिलासा एवढाच की आधीच्या ऑर्डरी वाया जात नाहीत. फायनल जजमेंट आलं की त्याच्या आधीच्या मधल्या ऑर्डरी त्यात विलीन होतात आणि त्या अपिलात उकरून काढता येतात. पण त्यासाठी त्या त्या वेळी ऑब्जेक्शन रेकॉर्डवर घेतलेलं लागतं. आणि समरी जजमेंट नाकारल्यानंतर पूर्ण ट्रायल झाली असेल तर पुराव्यावरचा मुद्दा ट्रायलच्या शेवटी परत मोशन (कोर्टाकडे अर्ज) करून जिवंत ठेवावा लागतो, निव्वळ कायद्याचा प्रश्न असेल तर ठेवायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डुप्री केसमध्ये स्पष्ट केलं.

आता एक आपल्या लोकांना लागणारं उदाहरण. कंपनीने तुमच्यासाठी भरलेलं एच-वन-बी पिटिशन यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी एजन्सीने) नाकारलं, कंपनीने डिस्ट्रिक्ट कोर्टात केस टाकली, जज म्हणाला की नाकारण्याची कारणं नीट दिलेली नाहीत, फाईल परत पाठवतो, पुन्हा विचार करा. तुम्हाला वाटतं आपण जिंकलो अर्धं, उरलेल्या अर्ध्यासाठी वर जाऊ, पण अशी परत पाठवायची ऑर्डर अनेक सर्किटांत तुमच्यासाठी फायनल धरत नाहीत, सरकारला मात्र कधी कधी तिच्यावर अपील करू देतात कारण नंतर त्यांना संधी मिळणार नाही म्हणून. एकतर्फी वाटतं, आहेच थोडं. आणि हो, कंपनीला स्वतःहून कागद भरता येत नाहीत, माणूस स्वतःची केस स्वतः लढू शकतो पण कंपनीला फेडरल कोर्टात वकील लागतोच.

दिवस मोजायला शिका, खरी गंमत इथेच आहे

सिव्हिल केस, दोन्ही बाजू खासगी, तर ३० दिवस. एका बाजूला अमेरिकन सरकार, त्यांची एजन्सी किंवा अधिकारी असेल तर ६० दिवस, आणि ते दोन्ही बाजूंना मिळतात, म्हणजे वरच्या यूएससीआयएसच्या उदाहरणात कंपनीला पण ६०. क्रिमिनलमध्ये आरोपीला फक्त १४ दिवस. बँकरप्सी कोर्टाच्या निकालावर पण १४. एका बाजूने अपील टाकलं तर दुसऱ्या बाजूला स्वतःचं अपील टाकायला त्या तारखेपासून १४ दिवस मिळतात, त्यांची मूळ मुदत त्याच्या आधी संपत असली तरी.

हे दिवस जजने सही केली त्या दिवसापासून नाहीत, तुमच्या हातात कागद आला तेव्हापासून नाहीत, जजमेंट डॉकेटवर (केसच्या कोर्टातल्या नोंदवहीत) नोंदलं गेलं त्या दिवसापासून. तो दिवस सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी एक म्हणायचं, शनिवार रविवार सगळे धरायचे, शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टी आला तरच पुढच्या कामाच्या दिवसावर जायचं. २ मार्चला नोंद झाली तर तिसावा दिवस १ एप्रिल, साठावा १ मे. दिवाळी ही फेडरल सुट्टी नाही हे सांगायला नको. इ-फायलिंग असेल तर साधारणपणे ज्या कोर्टात भरताय त्याच्या टाइम झोनच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ असतो, पुण्यात बसून भरणाऱ्याने आपल्या घड्याळावर भरवसा ठेवू नये.

आणि उशीर झाला तर? आपल्याकडे लिमिटेशन ॲक्टचं कलम ५ आहे आणि १९८७ च्या कातिजी केसपासून सुप्रीम कोर्टाचं धोरणच असं की तांत्रिक उशिरासाठी माणसाचा हक्क मारू नका. तिकडे २००७ ची बोल्स विरुद्ध रसेल केस वाचा. ओहायोचा एक कैदी, त्याला निकालाची नोटीस वेळेत मिळाली नव्हती, म्हणून डिस्ट्रिक्ट जजने अपिलाची मुदत पुन्हा उघडून दिली, नियमाप्रमाणे १४ दिवस द्यायला हवे होते, जजने चुकून १७ दिवसांची तारीख लिहून दिली. त्याच्या वकिलाने जजने दिलेल्या तारखेच्या एक दिवस आधी नोटीस भरली. तरी १४ दिवस उलटले होते म्हणून अपील बाद, सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तेच कायम केलं. जजवर विश्वास ठेवला एवढाच त्याचा गुन्हा. चार जजांनी कडक शब्दांत विरोध नोंदवला पण उपयोग काय, सिव्हिल अपिलाची जी मुदत संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायद्यात घातलीय ती कोर्टाच्या अधिकाराचीच मर्यादा आहे आणि तिला दयामाया लागू नाही असा कायदा ठरला. म्हणून जजने किंवा क्लार्कने सांगितलेली तारीखसुद्धा स्वतः नियमाशी ताडून बघायची.

मुदतवाढ अजिबात नाही असं नाही, पण तिचीही मुदत आहे. मूळ ३० किंवा ६० दिवस संपल्यावर पुढच्या ३० दिवसांच्या आत डिस्ट्रिक्ट कोर्टात अर्ज करायचा आणि क्षम्य दुर्लक्ष किंवा सबळ कारण दाखवायचं, मिळाली तर साधारण ३० दिवसांपर्यंतच मिळते. निकालाची नोटीस २१ दिवसांत मिळालीच नसेल तर वेगळा रस्ता आहे, नोंदीपासून १८० दिवस किंवा नोटीस हातात आल्यापासून १४ दिवस यातलं जे आधी येईल तोवर अर्ज, आणि मंजूर झाला तर फक्त १४ दिवस. ही १८० दिवसांची भिंत पक्की आहे. याच रस्त्यावर २०२५ मध्ये पॅरिश केसमध्ये सुप्रीम कोर्टाने थोडी उदारता दाखवली, मुदत पुन्हा उघडण्याआधीच नोटीस भरून ठेवली असेल तर परत दुसरी भरायची गरज नाही असं सांगितलं.

लोक जिथे पडतात ते खड्डे

पहिला खड्डा वकील फीचा. निकाल लागला, पण फी कोण देणार, किती देणार हा वाद चालू आहे, लोकांना वाटतं अजून केस संपली कुठे. संपली. १९८८ ची बुडिनिच आणि २०१४ ची रे हॅलुक ग्रॅव्हल, दोन्ही केसेस सांगतात की फीचा प्रश्न लोंबकळत असला तरी मूळ निकाल फायनल आणि घड्याळ चालू. कोर्टाने मुद्दाम ऑर्डर करून फीच्या अर्जासाठी घड्याळ थांबवलं तरच थांबतं.

दुसरा, एकत्र केलेल्या केसेस. दोन केसेस कोर्टाने एकत्र चालवायला घेतल्या, एकीचा निकाल लागला, दुसरी चालू आहे. २०१८ च्या हॉल विरुद्ध हॉल प्रमाणे जिचा निकाल लागला तिचं घड्याळ लगेच सुरू, दुसरी संपायची वाट बघत बसलात तर वरातीमागून घोडं.

तिसरा उलट्या बाजूचा. एकाच केसमध्ये पाच क्लेम किंवा चार प्रतिवादी, त्यातल्या काहींचाच निकाल लागला, तर ते फायनल नाही, कितीही अंतिम वाटलं तरी. अपवाद फेडरल सिव्हिल प्रोसिजरचा नियम ५४(ब), जजने स्पष्ट लिहून दिलं की उशीर करायला योग्य कारण नाही, तर तेवढ्या भागावर अपील. हे वाक्य ऑर्डरमध्ये आहे का ते शोधा, आणि असेल तर लक्षात ठेवा की तुमचे दिवस तिथून सुरू झाले.

चौथा, जजमेंटचा वेगळा कागद. बऱ्याच निकालांत जजमेंट स्वतंत्र कागदावर यावं लागतं, ४० पानी मताच्या शेवटी एक ओळ लिहून चालत नाही. तसा कागद आलाच नाही तर १५० दिवसांनी नोंद झाली असं धरतात. पण यावर विसंबून आरामात राहू नका कारण हा नियम सगळ्या ऑर्डरींना लागू नाही, काही ठरावीक मोशनवरच्या ऑर्डरींना वेगळा कागद लागत नाही.

आणि पाचवा, ज्याच्यात भले भले अडकतात. निकालानंतर २८ दिवसांत नवीन ट्रायलची किंवा निकाल बदलायची मोशन टाकली तर अपिलाचे दिवस थांबतात, त्या मोशनवर निर्णय आला की पूर्ण ३० किंवा ६० नव्याने मिळतात. पण एकोणतिसाव्या दिवशी टाकली तर काही थांबत नाही, आणि हे २८ दिवस जजलासुद्धा वाढवता येत नाहीत. पहिली फेटाळल्यावर तीच रड घेऊन दुसरी मोशन टाकली तर तिने पण घड्याळ थांबत नाही. शंका असेल तर सरळ नोटीस ऑफ अपील भरून टाका, लवकर भरल्याने सहसा नुकसान होत नाही, उशिराने होतंच.

फायनल नसताना वर जायचे रस्ते

थोडेच आहेत आणि प्रत्येकाला अट आहे. सगळ्यात वापरातला म्हणजे इंजंक्शन, कोर्टाचा मनाई हुकूम. प्राथमिक इंजंक्शन दिलं, नाकारलं, बदललं, उठवलं, तर कलम १२९२ प्रमाणे लगेच हक्काने अपील. म्हणूनच अमेरिकन सरकारच्या इमिग्रेशन पॉलिसीवर कुठल्या जजने स्टे आणला की दुसऱ्या आठवड्यात बातमी सर्किट कोर्टातून येते. टीआरओ, म्हणजे थोड्या दिवसांचा तातडीचा मनाई हुकूम, त्यावर साधारणपणे नाही, पण नाव टीआरओ असून काम प्राथमिक इंजंक्शनचं करत असेल तर कोर्टं अपील घेतात, एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या ग्रँटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसंच केलं.

दुसरा रस्ता १२९२(ब) चा. कायद्याचा असा प्रश्न जो केसचा निकाल फिरवू शकतो, ज्यावर खरोखर मतभेद आहे आणि ज्याचं उत्तर मिळाल्याने केस लवकर संपेल, असं डिस्ट्रिक्ट जजने लिहून दिलं पाहिजे, मग १० दिवसांत सर्किटकडे परवानगी मागायची, आणि तरी सर्किट नाही म्हणू शकतं. दोन्हीकडून हो यावं लागतं. क्लास ॲक्शनमध्ये (अनेकांच्या वतीने एकत्र चालवलेल्या केसमध्ये) क्लास मंजूर किंवा नामंजूर झाला तर १४ दिवसांत अशीच परवानगी मागता येते, सरकार पक्षकार असेल तर ४५. ही परवानगी नाही मिळाली म्हणून स्वतःच केस काढून घ्यायची आणि आता ती फायनल झाली म्हणून अपील करायचं, ही शक्कल मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या एक्सबॉक्सच्या केसमध्ये फिर्यादींनी लढवली होती, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंद केली.

तिसरा, कोलॅटरल ऑर्डर म्हणतात तो, १९४९ च्या कोहेन केसमधून आलेला. ऑर्डरने तो मुद्दा कायमचा निकालात काढलेला हवा, तो मूळ वादापासून वेगळा आणि महत्त्वाचा हवा, आणि शेवटी अपिलात बघून उपयोग नाही असा हवा. पोलिस अधिकाऱ्याला क्वालिफाइड इम्युनिटी (कामाबद्दल वैयक्तिक खटल्यापासून संरक्षण) नाकारली तर तो यातून जातो, कारण इम्युनिटीचा अर्थच ट्रायलला उभं राहायला लागू नये असा. पण वकील अशिलातलं गुप्त बोलणं उघड करायची ऑर्डर? नाही, २००९ च्या मोहॉक केसमध्ये साफ नाही म्हटलं. वकिलाला केसमधून काढलं तरी नाही. म्हणजे हा रस्ता आहे पण बोळ आहे.

आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाबाहेर लवादाकडे वाद नेण्याचं, गणित मुद्दाम वाकडं ठेवलंय. कोर्टाने आर्बिट्रेशनला पाठवायला नकार दिला तर कंपनीला लगेच अपील मिळतं, आणि २०२३ च्या कॉइनबेस केसनंतर तोवर खालची केसही थांबते. तुम्हाला आर्बिट्रेशनला पाठवलं तर मात्र तुम्हाला लगेच अपील नाही, २०२४ नंतर कोणी स्टे मागितला असेल तर कोर्टाला केस डिसमिस न करता थांबवून ठेवावी लागते, म्हणजे फायनल काही येतच नाही. नोकरीच्या ऑफर लेटरवर सही करताना आर्बिट्रेशनचं कलम वाचलं नसेल तर आता वाचा.

मँडमसची पिटिशन, म्हणजे खालच्या जजला हुकूम द्या अशी वरच्या कोर्टाला विनंती, ही अगदी शेवटची गोष्ट, दुसरा कुठलाच उपाय नाही आणि खालच्या जजची चूक ढळढळीत आहे असं दाखवायला लागतं, क्वचित मिळते. (यूएससीआयएस फाईल दाबून बसलंय म्हणून लोक जी मँडमस केस टाकतात ती वेगळी, ती डिस्ट्रिक्ट कोर्टात नवीन केस असते.)

क्रिमिनल आणि इमिग्रेशन

क्रिमिनलमध्ये फायनल म्हणजे शिक्षा सुनावली की. ज्युरीने दोषी ठरवलं तेव्हा नाही. जामीन, एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला, अशा दोन चार गोष्टींवर मध्येच वर जाता येतं. सरकारला निर्दोष सुटकेवर अपील नाही, पण ट्रायलआधी पुरावा बाद झाला किंवा केस डिसमिस झाली तर आहे, ३० दिवसांत. गुन्हा कबूल करून जो करार करतात त्यात बहुतेक वेळा अपिलाचा हक्क सोडल्याची ओळ असते, सही करायच्या आधी ती शोधा. सही झाली असली तरी वकिलाला सांगितलं की नोटीस भर, तर त्याने ती भरायलाच हवी, हे २०१९ च्या गार्झा केसमध्ये आलंय.

डिपोर्टेशनची केस या शिडीवर चढतच नाही. इमिग्रेशन जज हा फेडरल कोर्टाचा जज नाही, तो न्याय खात्याचा माणूस. त्याच्यावर बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स, आणि तिथला अंतिम आदेश आला की ३० दिवसांत सरळ सर्किट कोर्टात पिटिशन फॉर रिव्ह्यू, डिस्ट्रिक्ट कोर्ट मध्ये नाहीच. शिवाय काही निर्णय कोर्टाला बघताच येत नाहीत, मंजूर झालेलं पिटिशन सरकारने नंतर रद्द केलं तर तो त्यांच्या मर्जीचा विषय आहे असं डिसेंबर २०२४ च्या बुआर्फा केसमध्ये ठरलं.

प्रत्यक्ष करायचं काय

नोटीस ऑफ अपील हा पानभर कागद. कोण अपील करतंय, कुठल्या जजमेंटवर, कुठल्या सर्किटला, एवढंच. कारणं, युक्तिवाद काही नको, ते नंतर ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात. भरायचा डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लार्ककडे, सर्किटकडे नाही (चुकून तिकडे गेला तर ते तारीख टाकून इकडे पाठवतात). अपील करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा, वगैरे मंडळी असं लिहून काम भागवू नका. फी ६०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो.

अपील टाकलं म्हणजे निकाल थांबला असं नाही. पैशाच्या निकालाला ३० दिवस आपोआप स्थगिती असते, त्यानंतर बाँड भरून स्टे घ्यावा लागतो, नाहीतर समोरचा वसुलीला लागतो. इंजंक्शनला तर आपोआप काहीच नाही, पहिल्या दिवसापासून पाळायचं, स्टे हवा तर आधी त्याच डिस्ट्रिक्ट जजकडे मागायचा आणि त्याने नाही म्हटलं की सर्किटकडे.

सर्किटला हरलात तर फेरविचाराची पिटिशन १४ दिवसांत, सरकार असलेल्या सिव्हिल केसमध्ये ४५. सुप्रीम कोर्टाला ९० दिवस, जास्तीत जास्त ६० अजून मागता येतात, आणि हे ९० दिवस सर्किटच्या निकालाच्या तारखेपासून मोजायचे, खालच्या कोर्टाला नंतर जो मँडेट (निकाल लागू करायचा औपचारिक हुकूम) जातो त्याच्या तारखेपासून नाही, फेरविचार मागितला असेल तर तो फेटाळल्याच्या तारखेपासून.